हरिसिंग कंडक्टरचे वीस हजार पॉइंट

कारंजा डेपोत हरिसिंगला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि त्याच्यावर कधी चिडला नाही असा सापडणं त्याहून कठीण. एकतीस वर्षं कंडक्टरकी केली, पण एका जिवाला फुकट नेलं नाही. सरपंच असो, फौजदाराचा भाऊ असो, की स्वतःचा चुलता असो, पैसे दिल्याशिवाय त्याच्या गाडीत कोणाची डाळ शिजली नाही. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याची बायको चंदाबाई माहेरून एकटी परत येत होती, ती नेमकी त्याच्याच गाडीत चढली. त्यानं तिचंही तिकीट फाडलं. स्वतःच्या खिशातले पैसे काढून चामड्याच्या झोळीत टाकले आणि तिकीट तिच्या तळहातावर ठेवलं. गाडीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. चंदाबाई मात्र ते तिकीट पदराच्या गाठीत बांधून घरी घेऊन आली, आणि पुढं कैक वर्षं ते तिच्या पेटीत साड्यांखाली होतं.

असा हा नेकीचा माणूस. पण त्याला एक दुखणं होतं, आणि त्या दुखण्याचं नाव मोहनसिंग.

मोहनसिंग म्हणजे त्याचा साडू, चंदाबाईच्या धाकट्या बहिणीचा, पंचफुलाचा नवरा. वाशिमला मास्तर. साडूचा हेवा काही जगावेगळा नाही, घरोघरी चुलीसारखा असतो तो. पण हरिसिंगचा चांगला मुरलेला होता. हरिसिंगच्या घरावर टिनं होती तेव्हा मोहनसिंगचा स्लॅब पडला. हरिसिंगनं स्लॅब टाकला तर मोहनसिंगनं वरचा मजला चढवला. हरिसिंग दिवसभर उभा राहून कमवायचा आणि मोहनसिंग खुर्चीत बसून, हेही त्याला सलायचं. बरं, माणूस वाईट म्हणावा तर तसंही नाही. हसतमुख, गोड बोलणारा, सासरी गेला की सासूचे पाय दाबणारा. हरिसिंगला तर त्याचाच जास्त राग यायचा.

तीन वर्षांमागं हरिसिंगच्या लेकीचं, संस्कृतीचं लग्न ठरलं. आपल्याकडं लग्नाचा बस्ता म्हणजे लग्नाइतकाच मोठा सोहळा. दोन्हीकडची मंडळी एकाच दुकानात जमतात, गादीवर मांड्या घालून दिवसभर बसतात, नवरीच्या शालूपासून मानपानाच्या टॉवेल-टोपीपर्यंत सगळं काढतात. दुकानदार चहा पाजतो, जेवण घालतो. हरिसिंगनं बस्ता कारंज्यातच, मुनाफभाईच्या दुकानात धरला होता. आठ महिने थोडे थोडे करून साठवलेले पैसे त्यानं आपल्या जुन्या कंडक्टरच्या झोळीत भरून आणले होते. त्याच्या मनात एक चित्र होतं. मुनाफभाई बिल सांगणार, मग तो झोळी उघडणार आणि गड्ड्या एकेक करून गादीवर मांडणार. व्याह्यांना दिसलं पाहिजे की मुलीचा बाप कंडक्टर असला तरी कमी नाही.

बिल झालं एक लाख ऐंशी हजार. हरिसिंगनं झोळीच्या पट्ट्याला हात घातला, तेवढ्यात मोहनसिंग पुढं सरकला.

"राहू द्या साडूभाऊ, एवढी रोकड कायले मोजत बसता? मी कार्डावर मारतो. तुमी मले घरी द्या निवांत."

आणि खिशातून निळं चकचकीत कार्ड काढून त्यानं मुनाफभाईच्या हातात दिलंही. मशीन वाजलं, चिठ्ठी निघाली, दोन मिनिटांत काम खलास. व्याह्यांकडची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "मावसा भारी दिलदार आहे पोरीचा. सारा बस्ता त्यानंच दिला." हरिसिंगनं ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. झोळी मांडीवर तशीच राहिली. संध्याकाळी घरी त्यानं पैसे मोहनसिंगच्या हवाली केले, तेव्हा बघायला व्याह्यांपैकी कोणी नव्हतं.

"माह्या पोरीच्या लग्नात माहं नाक कापलं त्यानं," असं तो पुढं महिनाभर म्हणत होता. चंदाबाई ऐकून घ्यायची.

इथवरही ठीक होतं. संस्कृती लग्न होऊन पुण्याला गेली, तिचा नवरा तिथं कंपनीत. आईबापांचं पोरीच्या घरी जाणं लांबत होतं. आज गाडीला माणूस नाही, उद्या घरात पाहुणे. आणि एक दिवस चंदाबाईच्या फोनवर फोटो आला. विमानाची गोल खिडकी, खिडकीशी पंचफुला, डोक्यावर पदर, हसू कानापर्यंत. खाली लिहिलेलं, नागपूर ते पुणे. दुसऱ्या फोटोत पंचफुला आणि मोहनसिंग संस्कृतीच्या सोफ्यावर बसून पोहे खात होते.

हरिसिंगच्या अंगाचा तिळपापड झाला. पोरगी त्याची, संसार तिचा, आणि उंबऱ्यातून आत पहिला पाय मोहनसिंगचा. तोही आभाळातून. त्यानं ताबडतोब फोन लावला. वरवर अभिनंदन केलं आणि आतून विचारायचं ते विचारलं.

"तिकीट केवढ्याचं पडलं, साडू?"

"कायचं तिकीट? फुकटात गेलो. कार्डाचे पॉइंट जमले होते ना," मोहनसिंग म्हणाला. "कार्डानं खर्च केला की शंभरावर चार पॉइंट भेटतात. वीस हजार झाले की दोघाचं जाणं होते. तुमच्या बस्त्यानं लई हात दिला."

फोन ठेवल्यावर हरिसिंगनं बोटांवर हिशोब केला. एक लाख ऐंशी हजारांचे सात हजार दोनशे पॉइंट. म्हणजे विमानाच्या तिकिटात पाव हिस्स्याहून जास्त पैसा त्याचा. त्याच्या झोळीतला. ज्या माणसानं जन्मात कोणाला फुकट बसू दिलं नाही, त्याच्याच पैशावर साडू फुकट उडून आला होता. त्या दिवशी हरिसिंगला जेवण गेलं नाही, आणि पंचफुलाचा तो फोटो त्यानं स्वतःहून पाच वेळा उघडून पाहिला.

"चंदे," तो म्हणाला, "तुले विमानात बसवतो. संस्कृतीकडं जाऊ, अन माह्या कार्डावर जाऊ."

चंदाबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "खरंच?" एवढंच ती म्हणाली. पण त्या दिवसापासून घरावरून विमान गेलं की ती अंगणात यायची.

पगाराच्या खात्यावर हरिसिंगला कार्ड मिळालं, आणि त्या घराची सारी रीत बदलली. मशीन नसलेल्या माणसाकडून काही घ्यायचं नाही असा हुकूम निघाला. कोपऱ्यावरचा किराणा सुटला. आठवडी बाजार सुटला. गावाबाहेर नवं मोठं दुकान झालं होतं, तिथली प्लास्टिकात गुंडाळलेली वांगी घरात यायला लागली. चंदाबाई त्यांना दाबून पाहायची आणि चिरायला घ्यायची. मेहरबी कासारीण दर सणाला दारात टोपली उतरवायची, वीस वर्षं चंदाबाईचे हात तिनंच भरले होते. तिच्याकडं मशीन कुठलं? तिलाही हरिसिंगनं परत पाठवलं, आणि दुकानातून डबीतल्या बांगड्या आणल्या. त्या हातात सैल व्हायच्या आणि भांडी घासताना मनगटावरून खाली उतरायच्या.

"थोडे दिवस काढ," तो म्हणायचा. "विमानात बसल्यावर आठवणार बी नाही."

डेपोतल्या लोकांना तर त्यानं भंडावून सोडलं. कोणी पेट्रोल भरायला निघाला की हा मागं. "पैसे माह्याजवळ दे, मी कार्डावर भरतो." चार महिने सगळ्या डेपोच्या मोटरसायकली हरिसिंगच्या कार्डावर पळाल्या. मग एक दिवस पाहिलं तर पॉइंट फारसे वाढलेलेच नाहीत. फोन करून विचारलं, तेव्हा पलीकडची पोरगी गोड आवाजात म्हणाली की पेट्रोलवर पॉइंट मिळत नाहीत, तसं नियमात लिहिलंय. हरिसिंगनं मोहनसिंगला फोन केला.

"पेट्रोलवर नाही भेटत, हे तुमाले माहीत होतं का?"

"हो ना. सगळ्यायलेच माहीत आहे ते."

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"तुमी ईचारलंच नाही, साडू," मोहनसिंग सरळपणे म्हणाला. खरंच विचारलं नव्हतं. विचारलं तर त्याला कळेल की आपण त्याच्या मागं पळतोय, म्हणून नव्हतं विचारलं. आता ते कळलंच होतं, आणि चार महिनेही गेले होते.

तरी गडी हटला नाही. शेजाऱ्याची पाण्याची मोटर, ड्रायव्हरच्या पोराचा चष्मा, कोणाचा फ्रिज, कोणाची गादी, जिथं जे दिसेल ते आपल्या कार्डावर घेतलं. वर्ष सरता सरता साडेबारा हजार पॉइंट झाले. साडेसात हजार कमी. आणि तेव्हाच वाशिमहून सांगावा आला की मोहनसिंगच्या लेकीचं, वैभवीचं जमलं, अमुक दिवशी बस्ता आहे, मोठा मावसा म्हणून तुम्ही पाहिजेच.

हरिसिंगला वाटलं, देव डोळे मिटून बसलेला नाही. बँकेत जाऊन त्यानं कार्डाची मर्यादा दोन लाखांवर वाढवून घेतली. चंदाबाईला म्हणाला, "पोरीले फोन कर. सांग, येऊन राह्यलो म्हणा. इमानानं."

चंदाबाईनं फोन केलाच, वर आणखी काय काय केलं. कैरीचं लोणचं घातलं, एक बरणी खास जावयासाठी. मोठ्या दुकानातून चाकांची निळी बॅग आणली, अर्थात कार्डावर. आणि बस्त्याच्या दिवशी सकाळी वाशिमला पोचल्या पोचल्या बहिणीला बाजूला घेऊन विचारलं, "पंचफुले, लोणचं हातातल्या पिशवीत चालते का मोठ्या बॅगेत टाका लागते?"

"मोठ्या बॅगेत, बाई. अन झाकण पक्कं लाव," पंचफुला म्हणाली. "म्या त डोये मिटूनच बसली होती बाप्पा सारा वेळ. फोटोपुरते उघडले."

"मी नाही मिटणार," चंदाबाई म्हणाली.

दिवसभर कापड चाललं. नवरीचा शालू, सासूची पैठणी, आत्याबाईंचं रुसणं, सगळं रीतीप्रमाणं. हरिसिंगचं लक्ष मात्र गल्ल्यावर होतं. दुपारी चार वाजता दुकानदारानं आकडा सांगितला, एक लाख नव्वद हजार. हरिसिंगनं मनातल्या मनात चारानं गुणलं. सात हजार सहाशे. शंभर पॉइंट वरच जात होते. मोहनसिंग खिशात हात घालायच्या आत तो गादीवरून उठून गल्ल्यापाशी पोचला होता.

"राहू द्या साडू. मी कार्डावर मारतो. तुमी मले घरी द्या निवांत," तो म्हणाला. शब्द न् शब्द तेच. तीन वर्षं त्यानं ते तोंडात धरून ठेवले होते. दुकानदार हळूच म्हणाला की या कार्डावर दोन टक्के वेगळे लागतील, तर हरिसिंगनं मान हलवून तेही आपल्या खिशातून दिले, कोणाला न कळू देता. मशीन वाजलं. व्याह्यांकडच्या बायकांनी माना वळवल्या. हरिसिंगला त्या क्षणी जे वाटलं ते त्याला लेकीच्या लग्नातही वाटलं नव्हतं.

मग चहा आला. मोहनसिंग कप घेऊन त्याच्याजवळ येऊन बसला.

"पॉइंट झाले असतीन आता वीस हजार," तो हसत म्हणाला. "चांगलं झालं. या बारीनं जा बरं पुण्याले. मागच्या बारीनं चंदाताई नाही म्हणे."

"काय नाही म्हणे?"

"म्हंजे? त्यायनं सांगतलं नाही तुमाले?" मोहनसिंगनं कप खाली ठेवला. "अवो, त्या पॉइंटात तुमच्या बस्त्याचे पैसे होते ना. मी ताईले फोन केला का तुमी दोघं जा. पोरीच्या घरी पयला मान मायबापाचा. ताई म्हणे, यायले सुट्टी भेटून नाही राह्यली. मी दोन बार ईचारलं. मंग पॉइंटाची तारीख सरत आली, म्हणून आमी गेलो. नाहीत त वाया गेले असते."

हरिसिंगच्या हातातला चहा तसाच राहिला. सुट्टी? त्या वर्षी त्याची एक्केचाळीस दिवस सुट्टी शिल्लक होती. डेपो मॅनेजर स्वतः म्हणत होता, घे बाबा, नाहीतर वाया जाईल.

पण खरं सांगायचं तर, त्याच्या मनात पहिली गोष्ट आली ती बायकोची नव्हती. साडूचीच होती. आजवर त्यानं मोहनसिंगच्या स्लॅबचा हेवा केला, खुर्चीचा केला, कार्डाचा केला. त्या सगळ्यांना काहीतरी उपाय होता. माणूस मोठेपणानंही आपल्या वर बसेल, हे त्याच्या हिशोबात नव्हतं. त्यानं दोन तिकिटं देऊ केली होती, चुपचाप, कोणाला न सांगता. आणि आपण आत्ता त्याच्या लेकीच्या बस्त्याचे साडेसात हजार पॉइंट उचलले, आणि त्यातला एक देण्याचाही विचार आपल्या डोक्यात आला नाही. हरिसिंगला खाली बसवेना.

तो उभा राहिला. "ऐका बरं सगळे," तो म्हणाला. एकतीस वर्षं भरल्या गाडीत ओरडलेला आवाज, दुकानातली कुजबुज थांबली. "माह्याजवळ इमानाचे दोन तिकिटं जमले आहे. ते माह्यातर्फे वैभवीले अन जवायाले. लग्न झालं का इमानानं फिरून या म्हणा, कुठं बी."

टाळ्या पडल्या. व्याह्यांकडचा म्हातारा उठून त्याला भेटला. वैभवी पाया पडली. पंचफुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. मोहनसिंग "कायले साडू, कायले" म्हणत राहिला, आणि त्याचा चेहरा खरोखरच ओशाळला. हरिसिंगला हेच पाहिजे होतं. तो सगळ्यांकडं पाहत, मान डोलवत, दुकानभर नजर फिरवत गेला, आणि फिरता फिरता नजर चंदाबाईवर आली.

ती खाली मान घालून एका साडीची घडी घालत होती. घडी नीट बसलेली होती, तरी तिनं ती पुन्हा मोडली आणि पुन्हा घातली. पंचफुला काहीतरी बोलली, तेव्हा तिनं वर पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "चांगलं केलं यायनं. पोरगी जाते आपली." डबीतल्या बांगड्या तिच्या हातांत खाली घसरल्या होत्या.

परतीला कारंज्याची गाडी मिळाली. कंडक्टर हरिसिंगच्याच हाताखाली शिकलेला. हरिसिंगकडं पास होता, चंदाबाईचं अर्धं तिकीट. पोरगा म्हणाला, "राहू द्या दादा, तुमच्या घरचं मी कायले घेऊ." हरिसिंगनं पैसे पुढं केले, तिकीट घेतलं आणि चंदाबाईच्या हातात दिलं. तिनं ते बोटांत धरून बारीक गुंडाळलं. गाडी मंगरूळपीरला आली.

"मोहनसिंगनं तिकीट देऊ केलं होतं," शेवटी तो म्हणाला. "सुट्टी होती मले. काहून नाही म्हटलं तू?"

"तुमीच त म्हणे ना, त्यानं नाक कापलं. मंग त्याच्या तिकिटावर जाऊ कशी?"

"पोरीले पाहाले भेटलं असतं."

"भेटलं असतं." ती खिडकीबाहेर पाहत होती. "पण मले तुमी फाडलेल्या तिकिटावर बसाचं होतं."

पुढच्या सीटच्या दांडीवर हरिसिंगचा हात होता, तो काढून त्यानं मांडीवर ठेवला, पुन्हा दांडीवर नेला.

"पुन्हा जमवीन मी," तो म्हणाला. "एक वर्षात होते."

"जमवा," चंदाबाई म्हणाली. "पण कोणाले द्याचे ते मले आधी सांगजा. म्हंजे मी पोरीले फोन नाही करन."

तेवढ्यात तिचाच फोन वाजला. संस्कृती होती. गाडीच्या आवाजात तिचं बोलणं हरिसिंगलाही ऐकू येत होतं. कोणत्या दिवशी येता, विमान किती वाजता उतरतं, घ्यायला कोणत्या दाराशी उभं राहू, असं ती एकामागून एक विचारत होती.

"नाही वो माय," चंदाबाई म्हणाली. आवाज अगदी साधा. "इमानाचं राहू दे सध्या. लोणचं पाठवतो कोणासंगं. तुह्या बाबाले सुट्टी भेटून नाही राह्यली."